न मोजलेली

१

दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला छटाक ताईकडे तिचं वजन करायला जायचा. आठ वर्षांत हा नेम मोडला नव्हता. अंगात ताप असताना गेला होता, पाय मुरगळला तेव्हा कठड्याला धरून तीन मजले लंगडत चढला होता. लोक रविवारी बहिणीकडे जेवायला जातात, हा आकडा वाचायला जायचा.

छटाक हे त्याचं खरं नाव नव्हे. जन्मला तेव्हा एवढासा होता की सुईण म्हणाली, "हे तर छटाकभर पोर!" नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेनं त्याला सातवीत सोडलं की त्यानं शाळेला, यावर घरात दोन मतं होती. पुढं तो काटे दुरुस्त करणाऱ्या एका वस्तादाच्या हाताखाली लागला आणि तिथं मात्र रमला. दुकानांतले, गोदामांतले काटे उघडायचे, गंज घासायचा, स्प्रिंगा बदलायच्या, प्रमाण वजनं ठेवून काटा खरं बोलतो का ते बघायचं. वस्ताद सांगायचा, "चढताना सगळेच बघतात. तू उतरताना बघ. माल उतरवल्यावर काटा शून्यावर आला नाही, तर आधीचं सगळं माप खोटं."

ताईच्या घरात खिडकीजवळ एक गोदामी काटा होता. लोखंडी फळी, वर परातीएवढी गोल तबकडी, दोनशे किलोपर्यंत आकडे. भंगारातून आणून छटाकनंच तो दुरुस्त केला होता. न्हाणीघरात ठेवायच्या चपट्या काट्यांवर ताईचा विश्वास नव्हता. "ते काटे तोंडदेखले असतात," ती म्हणायची.

आधी रिकामा काटा शून्यावर आहे का बघायचा. मग वीस किलोचं प्रमाण वजन ठेवायचं. मग ताई. ती चपला काढून, तबकडीकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून उभी राहायची.

"आकडा डोळ्यांना दिसला की माझं डोकं बंद पडतं," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तू बोल. तुझ्या तोंडून आला की झेपतो मला."

छटाक आकडा बोलायचा, ताई उतरायची, आणि दोघं चहाला बसायची. उतरल्यावर काट्याकडे पुन्हा बघायची तसदी त्यानं कधी घेतली नाही. बहीण म्हणजे काय गोदामातला माल होता?

२

आई गेली तेव्हा छटाक सहा वर्षांचा होता आणि ताई वीस. तेव्हापासून तीच त्याची आई. तेव्हाही ती अंगानं भरलेली होती, पुढं आणखी भरत गेली. जिन्यावरून ती येताना दिसली की समोरचा माणूस भिंतीला पाठ लावून चपटा व्हायचा आणि ती हसून म्हणायची, "श्वास घ्या हो, जाते मी." छटाकला लहानपणी उशी लागलीच नाही. तिच्या पोटावर कान ठेवला की आतून गुडगुड ऐकू यायची, आणि त्या आवाजात त्याला झोप लागायची.

बत्तिसाव्या वर्षी ती एकशे एक्केचाळीस किलोंवर गेली. गुडघे गेले. झोपेत श्वास अडायला लागला, म्हणून नाकाला मुखवटा लावून यंत्राच्या हवेवर झोपायला लागली. शेवटी डॉक्टरांनी जठर कापून केळ्याएवढं ठेवलं. दीड वर्षात ती एकोणऐंशीवर आली. यंत्र गेलं, काठी गेली. चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती, तिथली गिऱ्हाइकं तिला ओळखेनात. जो तो म्हणायचा, "वा! ती जुनी बाई पार नाहीशीच झाली की!"

ताई हसायची. छटाकही हसायचा. पण तिनं जवळ घेतलं की तिचे खांदे त्याला टोचायचे, आणि हे बोलायचं तरी कुणाला? सगळं जग टाळ्या वाजवत असताना आपण कसं म्हणायचं, की मला ती जुनीच हवी होती?

चार वर्षं आकडा ऐंशीच्या आसपास राहिला. मग हळूहळू वर सरकू लागला. त्र्याऐंशी. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, तेव्हा छटाक शेजारच्याच खुर्चीत होता. "शरीराला वाटतं आपली उपासमार चाललीय. गेलेलं परत मिळवायला ते धडपडतं. ह्यात तुमचा गुन्हा नाही. औषधं आहेत, उपाय आहेत. फक्त काटा शंभरच्या पुढं गेला तर एक दिवससुद्धा थांबू नका. झोपेतला श्वास पुन्हा अडेल."

काटा एक्क्याण्णववर आला त्या रविवारी छटाकचं डोकं फिरलं. तो तसाच होता, आधी बोलायचा आणि मग जीभ चावायचा.

"एक्क्याण्णव!" तो ओरडला. "पोट कापून घेतलंस ते ह्यासाठी? सगळं मातीत घातलंस तू!"

ताई खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. फक्त तिची मान खाली गेली. त्यानंतर दोन दिवस तिच्या पोटात पाण्याखेरीज काही गेलं नाही, हे त्याला नंतर कळलं.

पुढच्या रविवारी काट्यानं त्र्याण्णव दाखवले. छटाकनं घसा खाकरला आणि म्हणाला, "अठ्ठ्याऐंशी."

ताईचे खांदे सैल झाले. "उतरलं?"

"उतरलं."

काट्याला हात लावून तो खोटा करणं त्याला कधी जमलं नसतं. धंद्याची आण होती. जिभेला मात्र कुणाची आण नव्हती.

३

दोन वर्षं तो अठ्ठ्याऐंशीच म्हणत राहिला. कधी सत्त्याऐंशी, कधी एकोणनव्वद, खरं वाटावं म्हणून. काटा शंभरवर आला त्या दिवशी त्यानं तबकडी दोनदा वाचली. पुढच्या आठवड्यात सांगू, असं त्यानं ठरवलं. पुढच्या आठवड्यात ताई खुशीत होती. मग म्हटलं, त्याच्या पुढच्या. सांगायचं म्हणजे आधीचं सगळंच सांगावं लागणार होतं. खोटं बोलणं हे उतारावर गाडी ढकलण्यासारखं असतं, पहिला धक्काच काय तो द्यावा लागतो.

आणि मग एका रविवारी त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली.

काटा एकशे सोळा दाखवत होता. ताई पाठमोरी उभी होती. तिच्या पाठीवर कुडता ढिला लोंबत होता. कोपरं दिसत होती. मानेमागची हाडं मोजता येत होती. छटाकनं तबकडीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. एकशे सोळा किलोंची बाई कशी दिसते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिच्याच कडेवर तो वाढला होता. ही बाई एकशे सोळाची नव्हती. ही होती साधारण अठ्ठ्याऐंशीची.

"किती?" ताईनं विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपण खरं बोललो.

चहा झाल्यावर त्यानं काटा उघडून तपासला. स्प्रिंग चोख होती. वीसचं वजन ठेवलं, वीस. वर दहाचं ठेवलं, तीस. स्वतः उभा राहिला, एकसष्ट. त्याचं वजन एकसष्टच होतं.

जिना उतरताना खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी त्याला हटकलं. दार अर्धवट उघडून, चष्मा कपाळावर चढवून त्या जणू वाटच बघत होत्या.

"काय रे, तुझ्या ताईकडे राहायला कोण आलंय?"

"कुणी नाही, काकू."

"मग दोघी चालतात त्या कोण?"

"एकटीच असते ती."

"हे बघ, माझ्याकडे मुलं पाढे म्हणायला येतात. डोक्यावर कोण किती पावलं टाकतं ते मला मोजायला लागतंच. एक हलकी चालते, टपटप. ती तुझी ताई. आणि तिच्यामागून दुसरी. जड. दोन पावलं चालते आणि थांबते, दम खाते, पुन्हा चालते." काकूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तिला सांग, घरात मऊ चपला घाल म्हणावं. माझं छत काही लोखंडाचं नाही."

छटाक हसला आणि उतरला. खाली रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की दोन पावलं चालून दम खायची ती सवय त्याला माहीत होती. शस्त्रक्रियेच्या आधी ताई तशी चालायची.

४

बुधवारी तो तिच्या दुकानात गेला. डोळे तपासून घ्यावेत, असं त्यानं स्वतःलाच पटवलं होतं. माणसाला जे नाही ते दिसायला लागलं, तर आधी डोळ्यांवर संशय घ्यावा. डोक्यावर नंतर घेता येतो.

ताईनं त्याला उंच खुर्चीवर बसवलं आणि एक डोळा झाकायला लावला.

"शेवटची ओळ वाच."

"अक्षरं आहेत ती? मला वाटलं मुंग्या."

"शहाणा आहेस. वाच."

त्यानं वाचली. सगळ्या ओळी बरोबर आल्या.

"डोळे घारीचे आहेत तुझे," ताई म्हणाली. ती त्याच्यासमोर वाकली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "कशाला आलास खरं सांग."

"सहज. तुला झोप लागत नाही का गं?"

"झोप येते रे. दिवसासुद्धा येते, बसल्या बसल्या. पण लागत नाही."

दुकानाचे मालक काउंटरपलीकडे चष्म्याची दांडी गरम वाळूत घालून वाकवत होते. बोलघेवडा माणूस. "तुझ्या ताईनं किमया केलीय बरं का," ते म्हणाले. "पुन्हा कशी सडसडीत झालीय बघ! नाहीतर आमचं बाकडं. तिच्या वजनाला आठ वर्षांपूर्वी टिकलं, आणि परवा मोडलं."

"कसं मोडलं?"

"आता काय सांगू? ती ह्या टोकाला बसून जेवत होती. मोडलं ते त्या टोकाला. तिथं काळं कुत्रंसुद्धा नव्हतं!" मालक खो खो हसले. "लाकूडच सडलं असणार."

बाकडं भिंतीशी उलटं करून ठेवलं होतं. छटाकनं मोडलेल्या पायाच्या सांध्यावरून बोट फिरवलं. लाकूड पिवळंधमक होतं, कोरडं, खणखणीत. सडलेलं लाकूड भुगा होऊन मोडतं. हे मधोमध चिरलं होतं, ओझ्याखाली चिरतं तसं.

त्यानं मान वर केली. भिंतीवर गिऱ्हाइकांसाठी आरसे होते, वीसेक. प्रत्येकात ताईची पाठ होती आणि तिच्याशेजारी रिकामी जागा होती. दुकान तर चिंचोळं, कपाटांनी भरलेलं. तरी ताई कपाटाला अगदी खेटून उभी होती, अंग चोरून. वाटेत कुणाला तरी जागा करून देत असल्यासारखी.

५

त्या रविवारी काट्यानं एकशे एकवीस दाखवले.

"अठ्ठ्याऐंशी," छटाक म्हणाला.

ताई उतरली. पाय चपलांत सरकवून स्वयंपाकघराकडे निघाली. आणि वस्तादानं आता कानाशी येऊन सांगावं तसं छटाकला ते आठवलं. चढताना सगळेच बघतात. त्यानं मान वळवली.

काटा शून्यावर आला नव्हता. तो तेहतिसावर होता.

स्प्रिंग अडकली, हा पहिला विचार. छटाकनं तबकडीवर बोटानं टिचकी मारली. अडकलेला काटा टिचकीनं सुटतो. हा सुटला नाही. उलट किंचित हलला, बत्तीस, तेहतीस, चौतीस, पुन्हा तेहतीस. हे हलणं तो रोज बघत होता. पोतं ठेवलं की काटा एका जागी थांबतो. माणूस उभा राहिला की थांबत नाही, कारण माणूस श्वास घेतो.

फळीवर कुणी नव्हतं. खिडकीतलं ऊन लोखंडावर पडलं होतं. त्या उन्हात फळीच्या मधोमध दोन जागा ओलसर दिसत होत्या, उघड्या तळव्यांचा घाम लागतो तशा. ताईची पावलं लहान होती. ह्या जागा रुंद होत्या.

त्यानं श्वास रोखला. एक, दोन, तीन. मग काटा सावकाश खाली यायला लागला. आधी एक पाय उतरावा आणि मग दुसरा, अशा दोन टप्प्यांत. शून्य. स्वयंपाकघराच्या दाराशी एक सुटी फरशी होती. ती ताईच्या पायाखाली कधी वाजत नसे. आता वाजली.

"उतरली का ती?" आतून ताईनं विचारलं.

६

"कोण?" छटाक म्हणाला, पण त्याचा आवाज दाढेखाली सापडल्यासारखा निघाला.

ताईनं चहाचे कप टेबलावर ठेवले. दोनच होते. ती बसली, खुर्चीच्या अगदी कडेला.

"घाबरू नकोस. मी पण आधी घाबरले होते. ती काही करत नाही."

"ताई, तुला झोप नाही, त्याचा परिणाम..."

"असेल," ती म्हणाली. "मीही तसंच म्हणत होते. पण गादी दुसऱ्या बाजूनं दबते त्याचं काय? मी काठावर झोपते आणि उतारावरून घरंगळावं तशी तिच्याकडे घरंगळते." तिनं कपाभोवती दोन्ही तळवे धरले. "छटाक, सगळे म्हणाले, ती जुनी नाहीशी झाली. मी पण म्हटलं. आनंदानं म्हटलं. तिच्यासाठी कुणी एक टिपूस काढलं नाही रे. तुला जिनं कडेवर वागवलं, ती तीच होती ना?"

छटाकनं कपावरची साय बोटानं बाजूला सारली.

"इतकी वर्षं बाहेर होती बिचारी. आता घरी आलीय. पण तिला आत यायला जागा नाही. का नाही ते मला कळत नाही. तू म्हणतोस मी अठ्ठ्याऐंशीच आहे. मग बाकीची ती कुठं जाणार?"

"असं काही नसतं, ताई."

"मी झोपले की अंगावर येते. छातीवर. श्वास अडतो माझा, दचकून उठते. वाईट मनानं नाही करत ती. दार लागलेलं असलं की माणूस दारावर टेकतंच ना?"

आता सांगायला हवं होतं. छटाकला ते तेव्हाही कळत होतं. शंभर उलटून दीड वर्ष झालं, श्वास त्यानंच अडतोय, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चल. एवढंच वाक्य. पण त्याच्या मागं दुसरं वाक्य उभं होतं, की मी दोन वर्षं तुला फसवत होतो. आणि त्याच्याही मागं एक भीती. आकडा तोंडातून काढला आणि ती खरंच आत शिरली तर?

"डॉक्टरांना दाखवून येऊ या का?" तो कसंबसं म्हणाला.

"कशाला? शंभरच्या पुढं गेले तर या, असं म्हणाले होते ते." ताईनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, हे त्याला फार उशिरा कळलं. "गेलेय का मी?"

त्यानं चहा ढोसला आणि जीभ भाजली.

"नाही," तो म्हणाला.

७

शेवटचा रविवार.

काटा एकशे सत्तावीस. त्या दिवशी ताईच्या पाठीशी उभं राहताना छटाकला कोंदल्यासारखं होत होतं. खोली तीच, खिडकी उघडी. तरी दोन माणसांच्या खोलीत तिघं असल्यासारखं. त्याच्या कानाशी कुणीतरी दमून श्वास घेत होतं आणि तो श्वास मधेच थांबायचा. चार मोजेपर्यंत. पाच मोजेपर्यंत. मग पुन्हा सुरू.

"आज मला पूर्ण आकडा सांग," ताई खिडकीकडे बघत म्हणाली. "तिच्यासकट. मी रागावणार नाही. शपथ."

म्हणजे तिला ठाऊक होतं. किती दिवसांपासून, देव जाणे. ती वाट बघत होती, की त्यानं आपणहून बोलावं. तिला आकडा नको होता, त्याच्या तोंडून आलेला आकडा हवा होता. तोच तिला झेपायचा.

छटाकनं तोंड उघडलं. फळीवर, ताईच्या टाचांमागं, लोखंडाचा पत्रा किंचित वाकलेला त्याला दिसला. तो श्वास थांबला. जणू तिघंही ऐकत होती.

"अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला.

ताईनं उतरून चपलांत पाय सरकवले.

"बरं," ती म्हणाली. परक्या माणसाला म्हणावं तसं.

८

गुरुवारी दुपारी काकूंचा फोन आला. ताई बरं वाटत नाही म्हणून दुकानातून लवकर घरी आली होती. जरा पडते, म्हणाली. त्यानंतर वर एकीच्याही पावलांचा आवाज नाही, आणि दार वाजवलं तर उत्तर नाही.

छटाककडे किल्ली होती. ताई पलंगावर होती, काठाशी, कुशीवर. चेहरा शांत होता, ओठ निळे. डॉक्टर येऊन गेले. झोपेत श्वास थांबला, म्हणाले. "ह्यांचं वजन वाढलं होतं का?" त्यांनी विचारलं, मग तिच्याकडे बघून स्वतःच म्हणाले, "नाही, तसं वाटत तर नाही."

मग स्ट्रेचरवाले आले. दोघं जण, एक उंच आणि एक टकलू, कामाची सवय असलेली माणसं. जिना अरुंद, तीन मजले. उंचानं जिन्याकडे एक नजर टाकली आणि छटाकला हळू आवाजात विचारलं, "भाऊ, वजन किती असेल? आम्ही दोघं पुरे, की आणखी दोघांना बोलावू?"

छटाकचं डोकं सुन्न होतं. दोन वर्षांची सवय त्याच्या वतीनं बोलून गेली.

"अठ्ठ्याऐंशी."

"मग नेऊ आम्ही."

त्यांनी ताईला उचललं. सहज उचललं, दोरीवरचं वाळलेलं कापड उचलावं तसं. टकलू म्हणालासुद्धा, "हलक्या आहेत." ते दाराबाहेर गेले. त्यांची पावलं जिन्यावरून उतरायला लागली.

छटाक निघणार, तेवढ्यात त्याची नजर पलंगावर गेली.

गादी वर आली नव्हती. ताई जिथं होती त्याच्या पलीकडे, मधोमध, गादी खोल दबलेली होती. पोटाशी रुंद, गुडघ्यांशी अरुंद. लहानपणी तो ज्याला चिकटून झोपायचा, तो आकार होता. गादीच्या कडेला एक स्प्रिंग बारीक आवाज करत होती. थांबत होती, पुन्हा करत होती.

तेव्हा त्याला कळलं, आपण काय केलं ते. मेल्यावरसुद्धा त्यानं तिला अर्धीच पाठवली होती.

तो धावला. चपला न घालता, दोन दोन पायऱ्या उड्या मारत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना गाठलं.

"थांबा! मी खोटं बोललो! एकशे सत्तावीस! एकशे सत्तावीस किलो आहे माझी ताई!"

दोघं थांबले. एकमेकांकडे बघितलं. दुःखानं माणूस काहीही बोलतो, हे त्यांना नवं नव्हतं.

"असू दे, भाऊ," उंच माणूस म्हणाला. "सावकाश घ्या."

वर पलंगाच्या स्प्रिंगा करकरल्या. कुणीतरी कुशीवर वळून, हातावर रेटा देऊन उठावं तशा. सुटी फरशी वाजली. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर एक पाऊल पडलं. जड. दुसरं पडलं. थांबलं. दम खाल्ला. पुन्हा निघालं.

"वर कुणी आहे का?" टकलूनं विचारलं.

पावलं वळणावर आली. कठडा थरथरला, जिन्यातलं ऊन झाकोळलं. त्यानं वर पाहिलं नाही, त्याचं धाडसच झालं नाही. पण त्याची पाठ आपोआप भिंतीला लागली, पोट आत गेलं, तो चपटा झाला, जिन्यावर तिला वाट देताना व्हायचा तसा. आणि त्याच्या छातीला, पोटाला, गालाला काहीतरी ऊबदार आणि मऊ घासून गेलं. किती मऊ. वीस वर्षांचा काळ त्या एका स्पर्शात होता. त्याला वाटलं की धरावं, दोन्ही हातांनी धरून ठेवावं. पण ते आपलं नव्हतं. तो तसाच चिकटून राहिला आणि जाऊ दिलं.

खाली टकलू अचानक "आई गं!" म्हणून गुडघ्यावर आला. उंचाचे हात ताठ झाले, मानेच्या शिरा फुगल्या. स्ट्रेचरचं एक टोक पायरीवर टेकलं. पांघरुणाखाली ताईचा आकार बदलला की नाही, ते छटाकनं पाहिलं नाही. आता बघायचं नव्हतं.

"अहो, हे काय झालं?" टकलूचा घाम निथळत होता. "आता तर... दोघांचं काम नाही हे. आणखी माणसं बोलवा."

"बोलवा," छटाक म्हणाला. तो खाली उतरला आणि टकलूच्या शेजारी वाकून त्यानं दांडा धरला. पहिल्याच पायरीला त्याचे दंड थरथरायला लागले. त्याच्या हातांना हे वजन बरोबर कळत होतं. आकडा वाचायची गरज नव्हती.

"झेपेल का, भाऊ?" उंच माणसानं वरून विचारलं.

"नाही झेपणार," छटाक म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं. "पण सगळी आहे ना. चला."